ॲडमिनचा पासवर्ड आणि पोस्टमनकाकांचा पाय

सोमवार, ४ मार्च

सतरा वेळा! सतराही वेळा तेच लाल वाक्य — पासवर्ड चुकीचा आहे.

झालं असं. सकाळी साचे कोरायच्या मशीनचा कॉम्प्युटर सुरू केला, तर तो म्हणतो प्रोग्रामची मुदत संपली, नवा टाका. नवा टाकायला ॲडमिनचा पासवर्ड हवा. रोजच्या कामाला तो लागत नाही, त्यामुळे कित्येक महिन्यांत कुणी वापरलेला नाही. आणि तो ठेवलाय मी. फक्त मी! आधीचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असायचा, येणारा-जाणारा वाचायचा. मीच बाईंच्या मागे लागून बदलला. लांबलचक केला. कुठेही लिहिला नाही. अतिशहाणा!

मला तो पाठ आहे. माझ्या बोटांना पाठ आहे. तरी चूक. सतरा वेळा कसा कसा टाकला ते वहीत मांडून पाहिलं — मोठी अक्षरं, लहान अक्षरं, दुसरा कीबोर्ड. काही राहिलेलं नाही.

बाई ओरडल्या नाहीत. कृत्रिम पायांची ही कार्यशाळा त्यांची, ओरडायचा हक्क होता. "शांतपणे आठव," एवढंच म्हणाल्या. त्यानेच जास्त घाम फुटला. मशीनच्या कंपनीला फोन केला, तर त्यांचा माणूस वीस तारखेला येणार. त्याआधी नाही म्हणजे नाही.

मिस्त्री लाकडी पावलावर कानस घासत होते. मान वर न करता म्हणाले, "कुलूप एवढं भारी लावलंस, की घरमालकच बाहेर!"

नववीत शाळा सुटली ती ह्या विसरण्यापायीच. घोकलेलं सगळं पेपर समोर आला की पुसून जायचं. बाबा म्हणायचे, ह्याला डोकं नाही, चाळण आहे. इथे पाच वर्षांत वाटायला लागलं होतं की नसेल तसं. आज परत वाटतंय.

मंगळवार, ५ मार्च

पोस्टमनकाका आले. त्यांच्या डाव्या पायाचं माप त्याच कॉम्प्युटरात अडकलंय. अकरा तारखेला त्यांना खात्याच्या डॉक्टरांपुढे चालून दाखवायचंय. चालले तर पुन्हा टपाल वाटायला. नाही तर कायमचे आत, शिक्के मारायला.

"बावीस वर्षं लोकांची दारं वाजवली मी," म्हणाले. "आता दाराआड बसू होय?"

मशीनने साचा कोरला तर चार दिवसांत पाय तयार. हाताने करायचा तर मिस्त्रींना दोन आठवडे. "होईल, काका" असंसुद्धा म्हणालो नाही. खोटं बोलताना माझे कान लाल होतात.

दुपारी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. हसला. "आणून टाक डबा, संध्याकाळी घेऊन जा. पासवर्ड म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" हायसं वाटलं. मग त्याच्या टेबलाकडे लक्ष गेलं. दुरुस्तीला आलेल्या एका कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी घरचे फोटो उघडे होते आणि दोन गिऱ्हाइकं चहा पीत ते बघत होती. हसत होती.

आमच्याकडे चारशे बारा माणसांचे फोटो आहेत. तुटलेल्या पायांचे, टाक्यांचे, नावानिशी. काही जण ती जागा बायकोलाही दाखवत नाहीत. आम्ही पडदा ओढून फोटो घेतो.

"नको," म्हणालो.

"मग बस जप करत!"

घरी फोनवर शोधलं. एक फुकट प्रोग्राम — कुठलाही पासवर्ड काढून देतो म्हणे. पहिलीच सूचना : आधी अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे चोरच सांगतोय, आधी कुत्रा बांधून ठेवा! ते पान मिटलं.

बुधवार, ६ मार्च

डाव्या हातचा मळ असेल तर वाट असणार. आणि सरळ वाटही असणार. कॉम्प्युटरची प्रणाली ज्यांनी बनवली, त्यांच्याच पानावरून दुरुस्तीचा पेनड्राइव्ह तयार करता येतो. तो बनवला. सगळं इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन तास वाचलं. तेवीस पायऱ्या वहीत उतरवल्या.

मग बाईंकडे लेखी परवानगी मागितली. त्यांचा कॉम्प्युटर, लोकांची माहिती. मी कोण आपल्या मनाने आत शिरणारा?

मिस्त्री पोट धरून हसले. "घर फोडायला घरमालकाची सही! असला चोर जन्मात पाहिला नाही."

बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. "माझ्यापेक्षा शुद्ध लिहितोस," म्हणाल्या आणि सही केली.

गुरुवार, ७ मार्च

उघडला! उघडला! उघडला!

क्रमाने लिहितो. आधी इंटरनेटची तार काढली. मग पेशंटांच्या सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर घेतल्या. मोजल्या — चारशे बारा. पुन्हा मोजल्या. मग कॉम्प्युटर बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू केला. काळी चौकट आली. आता एक अक्षर चुकलं तर काय होईल ह्याचा विचार करायचा नव्हता, तोच करत होतो. म्हणून मिस्त्रींना वही धरून वाचायला बसवलं.

"तिरकी रेघ," मिस्त्री.

"कुठल्या बाजूला झुकलेली?"

"रेघ आहे रे! आमच्या वेळी रेघेला बाजू नसायची."

"मिस्त्री, पाया पडतो. नीट बघा."

त्यांनी चष्मा पुसला. "डावीकडे झुकलीय. दारू प्यायल्यासारखी."

तेवीस पायऱ्या. मग नवा पासवर्ड. अकरा चाळीसला आत गेलो. मी ओरडलो असेन, कारण बाई ऑफिसातून धावत आल्या. साडेबाराला नवा प्रोग्राम चालू, एकला मशीनचं पातं फिरायला लागलं आणि पांढरा भुसा उडाला. फोममधून पोस्टमनकाकांच्या पायाचा आकार हळूहळू वर येताना तिघंही बघत राहिलो. मिस्त्रींनी पाठीत असा गुद्दा घातला की अजून दुखतंय. दुखू दे!

शुक्रवार, ८ मार्च

साच्यावर तापवलेल्या प्लास्टिकचं सॉकेट ओढलं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोळ. जेवायचं राहिलं. लक्षातच आलं नाही.

शनिवार, ९ मार्च

काकांनी सॉकेट घालून पाहिलं. एका कडेला टोचत होतं, मिस्त्रींनी घासून दिलं. पाय जोडला. आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून ते बारा वेळा चालले.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. परवा तयारी सोडली तर खरं काम नऊ मिनिटांचं होतं. त्या नऊ मिनिटांत कॉम्प्युटरने मला जुना पासवर्ड एकदाही विचारला नाही. म्हणजे इतके दिवस ज्याला मी कुलूप समजत होतो, ती नुसती कडी होती. कुणीही डबा उचलून नेला असता, तर चारशे बारा माणसं उघडी!

बाईंना सांगितलं. आज अख्खी डिस्क कुलूपबंद केली. आता पेनड्राइव्ह लावून कुणी आत आलाच, तर त्याला कचराच दिसेल. अडल्यावेळची किल्ली म्हणून अठ्ठेचाळीस आकडे मिळाले. दोन कागदांवर लिहिले, मिस्त्रींकडून पडताळून घेतले, दोन पाकिटांत घातले, जोडावर बाईंची सही. एक इथल्या कपाटात, एक त्यांच्या घरी. नवा पासवर्डही पाकिटात. एकाच डोक्यात काही ठेवायचं नाही. विशेषतः माझ्या.

सोमवार, ११ मार्च

पास झाले! दुपारी आले. दार सताड उघडं होतं, तरी ते बाहेर थांबले, दोनदा टकटक केली आणि जोरात म्हणाले, "पोस्ट!"

काठी घरी ठेवून आले होते. डॉक्टरांनी जिना चढायला लावला, तर काका वर जाऊन विचारतात, "साहेब, पत्र कुणाला द्यायचं?" मिस्त्रींचे डोळे भरले. विचारलं तर म्हणे भुसा गेला.

बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आजपासून सगळ्या कॉम्प्युटरांची जबाबदारी ह्याची." मी मान हलवली. कान लाल. पण जबाबदारी अशा माणसाला द्यायची, जो स्वतःचा पासवर्ड विसरला?

बुधवार, १३ मार्च

जबाबदारी आली म्हणून कॉम्प्युटरच्या आतल्या जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. कोण कधी आत आलं, सगळं तिथे असतं. ॲडमिनचा पासवर्ड बदलला : १६ जानेवारी, दुपारी ३:४०.

त्या दिवशी मी रजेवर होतो. ताईला आणि बाळाला दवाखान्यातून घरी आणत होतो. इथे मशीनच्या कंपनीचा माणूस आला होता, तेल-पाणी करायला. बाईंनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

"हां, मीच बदलला," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह लावून. आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवतो, सोपं पडतं. सांगायचं राहून गेलं."

बाई त्याला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी कोरा कागद घेतला आणि माझा जुना पासवर्ड लिहून काढला. एकोणीस अक्षरं. न थांबता.

मी विसरलो नव्हतो.