हवालदार हातांनी बोलतात

प्रिय टिटवीस,

तुझ्या जुन्या जोडीदारणीचे अनेक आशीर्वाद. (तू माझ्याहून वयाने मोठी असल्याचं सांगत फिरतेस, पण मागावर मी तुझ्या आधी उभी राहिले, तेव्हा आशीर्वाद मीच देणार.) गुडघे काय म्हणतात? सून काही विचारते का, की नुसतं ऐकून घेते? आमच्याकडे सगळं ठीक. फोन न करता पत्र लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की हल्ली फोन फार वाईट निघतात. मुलीचा वाईट, बहिणीचा वाईट. आणि तुझा आवाज शेडमधल्या सगळ्या यंत्रमागांच्या वर चढायचा म्हणून तर तुला टिटवी हे नाव पडलं, पण आता तुझाही फोन तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलतो. कानाचे डॉक्टर म्हणतात, फोन उत्तम आहेत, कान गेलेत, आणि थोडे राहिलेत तेही जातील. मागांच्या आवाजाने. म्हणजे बघ, इतकी वर्षं आपण कापड विणतोय अशी माझी समजूत होती. त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की माणसं ऐकू येत नाहीत, फक्त भांडी ऐकू येतात. मी ते ड्रॉवरमध्ये सुयांच्या डबीशेजारी ठेवून दिलंय.

एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण आमच्या हवालदारांना (नवऱ्याला मी पूर्वी ‘अहो’च म्हणायचे, पण रिटायर झाल्यावरही जो माणूस घरातल्या घरात वाहतूक वळवत फिरतो त्याला दुसरं काय म्हणणार) शिकायची भारी हौस. घरी बसल्यापासून पाव भाजायला शिकून झालं, बासरी शिकून झाली. पावापायी माझा दात गेला आणि बासरीपायी शेजारचं बिऱ्हाड गेलं. डॉक्टरांकडून आलो त्याच आठवड्यात गृहस्थ हातांनी बोलायच्या भाषेच्या वर्गात नाव घालून आले. मी विचारलं, बहिरं कोण झालंय इथे? तर माझ्याकडे बघत गप्प. त्यांच्या गप्प बसण्याला मी उत्तर धरत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

आता मला सांग, ज्या माणसाने अख्खी नोकरी चौकात उभं राहून दोनच गोष्टी सांगितल्या, एक थांबा आणि दुसरी चला, त्याचे हात नवीन काय बोलणार? भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला ते असा काही तळहात पुढे करतात की मी वाढायचीच थांबते. चष्मा कुठे ठेवलाय असं विचारताना दंड खांद्यापासून फिरतो आणि कपाटावरचा डबा खाली येतो. चेहरा तर असा, की लायसन दाखवावंसं वाटतं. आणि तोंडाने बोलायचं म्हणून नाही हं! सरावात खंड पडतो म्हणे. म्हणजे चांगलं धडधाकट तोंड असलेला माणूस घरात मुका, आणि मी मोठमोठ्याने त्यांच्याशी बोलतेय. येणाराजाणारा कुणाची कीव करत असेल, तूच ठरव.

पुढे तर कहरच झाला. मी बाजारातून येत होते, पिशवी घेऊन अलीकडच्या फुटपाथच्या कडेला उभी होते, आणि हवालदार चौकाच्या पलीकडे. मला बघताच त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचा तयार हात तो! समोरून येणारा ट्रक जागच्या जागी थांबला. त्याच्यामागे बस थांबली, बसमागे सगळं गाव. हॉर्न वाजत असावेत, कारण सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. मी शरमेने अर्धी झाले. तशीच रस्ता ओलांडून गेले आणि भर चौकात त्यांना फैलावर घेतलं. त्यांनी नुसतं माझ्या मागे बोट दाखवलं. मी उभी होते तिथे एक टेंपो उलटा येऊन थांबला होता. तो कधीचा हॉर्न देत होता, म्हणे. टेंपोवाल्याने आरशात यांचा हात पाहिला म्हणून ब्रेक दाबला, म्हणे. मी पाहिला तेव्हा टेंपो उभा होता, आणि उभ्या टेंपोला मी भीत नाही.

दुसऱ्या दिवशी मीही वर्गाला गेले. टेंपोचा काही संबंध नाही. हवालदार असं काय शिकून येतात की रहदारी बंद पडते, ते बघायला गेले. वाचनालयाच्या वर एक खोली आहे. दारावर लिहिलंय की कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश मिळेल, पण खुर्च्या बालवाडीच्या आहेत. त्यांवर आम्ही सगळी थोराड मंडळी गुडघे हनुवटीला लावून बसतो. पहिल्या खुर्चीवर एक रिटायर्ड बँक मॅनेजर. हा शिकायला येत नाही, दुसऱ्यांच्या चुका काढायला येतो, आणि शिकवणारी पाठमोरी झाली की सर्वांना पुन्हा शिकवतो. मोठी माणसं कशाला शिकतात म्हणून विचारशील, तर घरी आपलं कुणी ऐकत नाही म्हणून. इथेही कुणी ऐकत नाही, पण इथे निदान तसा नियमच आहे. शिकवणारी पोरगी जन्मापासून बहिरी आणि महातरतरीत. वर्गात कुणी तोंड उघडलं तर खडू फेकते.

मी मात्र ऐटीत गेले होते. आपण शेडमध्ये जन्मभर हातांनीच बोललो की! त्या खडखडाटात दुसरं बोलणार काय? उठून उभी राहिले आणि केलं सुरू. धागा तुटला. बॉबिन संपली. मुकादम येतोय. मुकादम गेला. मुकादम माणूस कसला आहे. (ती खूण तू काढली होतीस, आठवतं? मॅनेजर लाल झाला.) पोरीने खूश होऊन हात हलवले आणि फळ्यावर लिहिलं, छान, आता घरचं काहीतरी सांगा. माझे हात वर गेले आणि तसेच राहिले. घरचं आपण शेडमध्ये कधी बोललोच नव्हतो गं. ते सुटी झाल्यावर गेटबाहेर बोलायचं असायचं. मूल आजारी आहे, पोट दुखतंय, मला भीती वाटते, सगळं गेटबाहेर, तोंडाने. यातल्या एकालाही आपल्याकडे खूण नाही. आणि मला भीती वाटते, टिटवी. मग मॅनेजरने उठून मला खुर्चीत कसं बसायचं ते शिकवलं.

त्यावरून घरी जुंपली. हवालदारांचं म्हणणं मी रोज वर्गाला यावं, माझं म्हणणं त्यांनी आधी तोंड वापरावं. मी तोंडाने भांडत होते आणि ते हातांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा शब्द शेवटचा ठरायला लागला, कारण तो मला कळतच नव्हता. तेव्हा मला एक शोध लागला, तो तुलाही उपयोगी पडेल. मी डोळे मिटून घेतले. संपलं भांडण! हातांनी बोलणाऱ्याचा यापुढे काही इलाज नाही. बराच वेळ तशीच विजयी बसले. मग एक डोळा किंचित उघडून पाहिलं, तर गृहस्थ अजून समोर उभे, पुन्हा पुन्हा एकच खूण करतायत. मूठ छातीवर, मग बोट खाली जमिनीकडे. मूठ छातीवर, बोट खाली. मी पुन्हा डोळा मिटला. विचारलं असतं तर हरले असते.

असो. तब्येतीला जप, जिने चढू नकोस. सुनेला माझा आशीर्वाद सांग, तिला त्याची गरज आहे.

तुझीच,
शेजारच्या मागावरची

ता. क. लिहायचं राहिलं ते असं. तू इकडे ये आणि माझ्याबरोबर त्या वर्गात नाव घाल. तुझा टीव्ही खालच्या मजल्यावर ऐकू जातो असं तुझ्या सुनेने मला कळवलंय, तेव्हा कान शाबूत असल्याचा आव आणू नकोस. आणि ती छातीवरची मूठ म्हणजे काय ते पोरीला तू विचार, स्वतःसाठी विचारतेस असं दाखवून. हवालदारांना कळता कामा नये.

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. राहवेना, मीच जाऊन विचारून आले. ‘मी आहे इथे’, असा अर्थ होतो. आणि तेवढं सांगायलाही मेला ट्रक अडवल्यासारखा उभा होता.

ता. क. तरी तू ये. याला उत्तर कसं द्यायचं ते मला अजून येत नाही.