खासदारांना वठणीवर आणायचे नियम

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. देश बिघडलाय, कुणीतरी लिहून ठेवायला हवं. जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर संसद दाखवत होते. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, उरलेल्यांतले दोघं गाढ झोपलेले. इथे लाँड्रीत जरा उशीर झाला तर खाडा लावतात, आणि यांना विचारणारा कुणी नाही! (उशीर आज मलाही झाला. पण त्याचं कारण वेगळं होतं.)
ठरवलं. खासदारांसाठी कडक नियम मीच करणार. सातवीत शाळा सोडली म्हणून काय झालं? घर सोडून एवढ्या लांब येऊन जग पाहिलंय.

४ मार्च
नियम तयार. एक : तीन बैठका चुकवल्या की खुर्ची गेली. दोन : लोकांनी विचारलं की त्याच दिवशी उत्तर. ‘बघतो’ म्हणायला सक्त मनाई. तीन : ज्यांनी निवडून दिलं, त्यांना वाटेल तेव्हा परत बोलावता येईल. पाच वर्षं वाट बघायची नाही.
शेजारच्या इस्त्रीवरच्या काकांना वाचून दाखवले. काका चादर सरकवत म्हणाले, झकास आहेत, पण या खोलीतली वाफ ओढणारा पंखा बंद पडलाय, तो चालू होईल असा एखादा नियम कर की. काल त्यांना परत भोवळ आली होती. मी म्हटलं, काका, आपण देशाचं बोलतोय.

६ मार्च
घडीच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, तोंडाची वाफ दवडतोस त्यापेक्षा खोलीतली वाफ घालव. आपला एक प्रतिनिधी निवडू, त्याने साहेबांकडून पंखा दुरुस्त करून घ्यायचा.
लगेच निवडणूक. आमच्याकडे जोडी हरवलेल्या मोज्यांचं एक पोतं आहे. पांढरा मोजा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. बादलीत टाकायचा. उभा मी एकटाच. सगळे पांढरे निघाले, फक्त एक करडा. तो मुळात पांढराच असणार, काळ्या कपड्यांबरोबर धुतला गेला असेल, असं मी जाहीर केलं. बिनविरोध!
माझेच नियम मला लागू करून घेतले. खासदारांनी बघावं आणि शिकावं. भिंतीवर चिकटवले. जोशात चौथाही घातला : जो गैरहजर, त्याचं मत हजर असलेल्यांच्या बाजूने धरायचं. मावशींनी विचारलं, नक्की ना? म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.
बैठक दर शुक्रवारी, काम सुटल्यावर.

१० मार्च
साहेबांना भेटलो. एसी, सोफा, कॉफी. पंख्याचं काढणारच होतो, पण पहिल्याच भेटीत मागणं बरं दिसत नाही. साहेब म्हणाले, प्रतिनिधीने वाफेत उभं राहायचं? तू पुढच्या काउंटरवर बस. नाही म्हणणार होतो. पण काउंटरवरून आपल्या माणसांचे प्रश्न जास्त नीट दिसतात. (मधलं दार बंद असतं. नाहीतर गार हवा आत जाते.)

१४ मार्च, शुक्रवार
पहिली बैठक. जाता आलं नाही, गिऱ्हाईक होतं. म्हणजे गेलं होतं, पण परत आलं असतं तर? काका दारात येऊन पंख्याचं विचारून गेले. घामाने निथळत होते. मी म्हटलं, बघतो. ‘बघतो’ला मनाई आहे, कबूल. पण मी तेव्हा खरंच खिडकीतून बाहेर बघत होतो.

१८ मार्च
नियम एकमध्ये बारीक दुरुस्ती : मनाने हजर असलेला हजर धरावा.
आईचा फोन. तिला सांगितलं, निवडून आलो. म्हणाली, मग आता तरी फोन उचलत जा रे बाबा. निवडून आलं की लोकांच्या अपेक्षा कशा वाढतात बघा.

२१ मार्च
दुसरी बैठक हुकली. साहेबांनी काउंटरसाठी पडदे निवडायला बोलावलं. निळे निवडले. पंख्याचं बोलणार होतो, पण साहेबांचा मूड इतका चांगला होता, कशाला घालवा?

२५ मार्च
काका इस्त्रीपाशीच कोसळले. कपाळाला खोक, टाके पडले. मावशी काउंटरवर आल्या. माझा गार पाण्याचा जग उचलला आणि गेल्या.
फार वाईट वाटलं. ताबडतोब काकांबद्दल निवेदन लिहायला घेतलं. ‘महोदय’ लिहून झालं. शुक्रवारी बैठकीत वाचतोच. या वेळी जग इकडचं तिकडे झालं तरी.

२८ मार्च
निवेदन पाठ करायला काउंटरवर डोळे मिटले. उघडले तेव्हा मावशी समोर उभ्या आणि बैठक संपलेली. म्हणाल्या, ऊठ राजा, तुला परत बोलावलंय. नियम तीन. एकमताने.
मी म्हटलं, एकमताने कसं? मी कुठे मत दिलं?
मावशी म्हणाल्या, तू गैरहजर होतास. तुझा पांढरा मोजा आम्हीच टाकला. नियम चार. काळ्या दगडावरची रेघ.
मनाने हजर होतो, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, घोरणं आत ऐकू येत होतं.

१ एप्रिल
नव्या प्रतिनिधी मावशी. कालच साहेबांकडे गेल्या होत्या. सोफ्यावर बसल्या नाहीत, कॉफी घेतली नाही. उभ्याउभ्या म्हणाल्या, पंखा नाही तर घडी नाही. आज पंखा चालू.
मी परत इस्त्रीवर. काका पट्टी बांधून आलेत. म्हणाले, काय मंत्रीसाहेब, वाफ कमी वाटते ना? म्हटलं, हो.
पंखा इतका जोरात ओढतो की भिंतीवरचे माझे नियम सुटून त्याच्या जाळीला जाऊन चिकटले. काकांनी स्टूल घेऊन काढले, इस्त्री फिरवून सपाट केले आणि परत लावले. म्हणाले, असू दे, मावशींवर लक्ष ठेवायला लागतील.
देशासाठीच्या प्रतीत नियम चार घ्यावा की नाही, यावर माझा विचार चालू आहे.