तुझ्या जागेची मुलाखत

प्रिय रूपेश,

आज तुझ्या जागेसाठी मी आणि आणखी दोघांनी मुलाखती घेतल्या. दुपारीच झाल्या. ऑफिसात कुणाशी बोलावं तर ज्याला हे सगळं कळलं असतं तो तूच होतास. म्हणून लिहितेय. तू वाचणार नाहीस हे कळतं रे मला, उगाच हसू नकोस!

तू घ्यायचास त्या मुलाखती आठवतात? तुमच्या डोंगरीत नेटवर्क दगा देतं म्हणून तू लॅपटॉप घेऊन आमच्याकडे पूनम सागर सोसायटीत यायचास. आमच्या आईच्या चहावर हक्क सांगायचास. समोरचा उमेदवार गडबडला की म्हणायचास, "घाई नाही, आधी पाणी पी." ज्या कंपनीत सगळं कालच व्हायला हवं असतं तिथे तू लोकांना पाणी पाजत बसायचास! बॉस चिडायचे, पण तू निवडलेली माणसं टिकायची.

त्या रविवारी सर्व्हरवर लक्ष ठेवायची पाळी तुझी होती. जेवून तू आडवा झालास आणि इकडे सर्व्हर कोसळला. फोनवरचा अलार्म वाजत राहिला. तू उचलला नाहीस, म्हणून नियमाप्रमाणे तो दुसऱ्याकडे गेला. त्याने सर्व्हर उभा केला, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले आणि आम्ही आपापल्या रविवारात परत गेलो. तू झोपेतच गेलास. नेमका कधी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तुझी आई अजून तेच बोलते. "फोन वाजत व्हता गो. पोर निजलाय, त्याला उठवाचा न्हाय, म्हनून मीच उशीखाली सारला." मी काय सांगू तिला? छातीत दुखतंय हे तू तिच्यापासून का लपवलंस? मलाही "ॲसिडिटी आहे" म्हणून गप्प केलंस. राग येतो तुझा, खूप येतो!

आपल्याकडे सर्व्हर पडल्यावरच्या अहवालात कुणाचं नाव लिहीत नाहीत, चूक माणसाची नाही, व्यवस्थेची म्हणून. ही पद्धत तू नव्या मुलांना किती कौतुकाने सांगायचास! तुझ्याबद्दल त्या अहवालात एवढंच आलं: 'पहिला इंजिनिअर उपलब्ध नव्हता.' पुढे कुणीतरी तो प्रसंग उचलून मुलाखतीचा प्रश्न केला. आज तो माझ्या स्क्रीनवर आला. विचारणारा होता आपला नवा मॅनेजर, निखिल. तू गेल्यावर आलेला.

समोर काशीगावची एक मुलगी होती, अश्विनी. निखिलने विचारलं, सर्व्हर बंद आहे, पहिला इंजिनिअर उत्तर देत नाही, तुम्ही काय कराल? तिच्या आधीच्या दोन उमेदवारांनी धडाधड सांगितलं होतं: अलार्म पुढे पाठवू, त्याला पाळीतून काढू, मग सर्व्हर बघू. शाबासकी मिळाली होती त्यांना. ही थांबली. इंग्रजी सोडून माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "मॅडम, अलार्म तर पुढे पाठवीनच. पण त्याच्या घरी फोन केला का कोणी?"

नव्हता केला, रूपेश. आमच्यातल्या एकानेही नाही. कदाचित काही फरक पडला नसता. पण तुझी आई बाजूच्याच खोलीत होती रे!

निखिल म्हणाला, "वो आउट ऑफ स्कोप है. मान लो, अव्हेलेबल नहीं है." मुलगी गेल्यावर त्याने नकार लिहिला. "अच्छी है, पर स्लो है यार. अपने यहाँ नहीं चलेगी."

मग मी सांगितलं त्याला. त्या प्रश्नातल्या माणसाला नाव आहे. रूपेश. आपण त्याचीच जागा भरतोय. तो उत्तर देत नव्हता, कारण तो मरत होता किंवा मेला होता.

निखिल खरंच हादरला. वाईट माणूस नाहीये तो. दोनदा सॉरी म्हणाला. मग म्हणाला, "पर वैशाली, क्वेश्चन अच्छा है. रहने देते हैं."

मी होकार दिला होता, बाकी दोघांनी नकार. अश्विनीला उद्या तो छापील नकाराचा मेल जाईल. राजीनामा फेकून आले असं लिहायला आवडलं असतं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? सोमवारपासून सर्व्हरची पाळी माझी आहे. मी जाणार आहे.

एवढा एक शब्द देते तुला. हा प्रश्न मी कधीही, कुणालाही विचारणार नाही. आणि यापुढे आपल्यातलं कुणी उत्तर देईनासं झालं, तर सर्व्हर पडलेला राहू दे. मी आधी त्याच्या घरी फोन लावीन, आणि कुणी उचलेपर्यंत लावत राहीन.

तुझी मैत्रीण,
वैशाली