आईला मी दिसते का

३ नोव्हेंबर, नांदेड
आज इथल्या मोठ्या दवाखान्यात नोकरीवर रुजू झाले. चाकूरहून आईलाही सोबत आणलं, ती खालच्याच वॉर्डात हाय. इथलं यंत्र लई भारी. माणूस आत निजतो, डोक्यावरच्या आरशातून समोर उभ्या माणसाकडे बघतो, आणि त्याला जे दिसतं ते मेंदूतून उचलून संगणक चित्र काढतो. अंगावरून वारं गेल्यापासून आई आठ महिने बोलली नाही. डोळे उघडे असतात. मी तिला दिसते का, ओळखते का ती मला, एवढंच बघायचंय. नोकरी त्यासाठीच धरली. श्रीशैल सर म्हणाले, आधी काम शीक, मग आईचं बघू. बरं म्हणलं.

११ नोव्हेंबर
चित्रात चेहरे पुसट येतात, भोवती पिवळा पट्टा. सर वैतागले. मी सरांच्या हाताखालच्या मारोतीला खोदून विचारलं. संगणकाला चेहरे शिकवायला गावोगावचे फोटो त्यानंच गोळा केलेले. मोठा, स्वच्छ, समोर बघणारा फोटो द्या म्हणला, तर लोकांनी भिंतीवरचेच काढून दिले. भिंतीवर फोटो कुणाचा असतो? गेलेल्याचा. पट्टा म्हणजे चंदनाचा हार. येड्यानं दोन हजार मयतं शिकवली. जिवंत चेहरा संगणकाला ठाऊकच नाही, म्हणून पुसट. हसून हसून पोट दुखलं माझं.

१४ नोव्हेंबर
आईला आत घेतलं. आधी मारोती उभा राहिला, मग माझा भाऊ दयानंद. दोघंही पुसट. मग मी. लख्ख. नाकावरचा तीळसुद्धा. गळ्यात हार.
माझा फोटो त्या दोन हजारांत नाही. दोनदा तपासलं.

१५ नोव्हेंबर
सर म्हणतात, योगायोग. मारोतीला आत निजवून मी पुढं उभी राहिले. तरी लख्खच. भ्या वाटून राहिलं.

२२ नोव्हेंबर
जुने फोटो काढून टाकले. आता समदे जिवंत — कॉलेजची पोरं, बाजारातली माणसं. माझाही घातला, हट्टानं. नव्यानं शिकवलं. आता मी चारचौघांसारखी येणार. येणारच.

२३ नोव्हेंबर
आई आत. मारोती लख्ख. दयानंद लख्ख. मी उभी राहिले — नुसती भिंत. भिंत आणि हिरवा पडदा. सर म्हणाले, पुन्हा उभी राहा. राहिले. तेच.
आईच्या डोळ्यांतून पाणी. म्हणजे दिसते मी तिला, ओळखलं तिनं, माझ्यासाठीच रडून राहिली — मग चित्रात मी कुठं —
दयानंदला म्हणलं, हात धर माझा. तो इकडंतिकडं बघून सरांना विचारतोय, ताई कुठं गे—