डावी कूस

३ मे, रविवार
केमहून गाडीनं आले. नागनाथ, माझा ल्योक, ठेसनावर आला हुता. कुरडयांची पिशवी बघून म्हणतो, आई, आख्खं गाव उचललंस काय. मी म्हटलं, गाव तितंच हाय, कुरडया तेवढ्या आणल्या. शुक्रवार पेठेतलं घर दोन खोल्यांचं, पर ऐसपैस. शेजारीण जयभीम घालून म्हणली, भीमाबाई, आता सुनंच्या हातचं बसून खावा. नातू सिद्धांत तेरा वर्साचा, नात दीक्षा नऊची. वही तिनंच दिली. मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले ना, म्हणून म्हणली, आजी, सुट्टीभर लिही, चुका मी काढते. काढ बाई.

५ मे, मंगळवार
हितं नातीचा थाट लई. पैला दुधाचा पेला तिला. पाणी उकळून गार केलेलं, बाटली रिकामी झाली का न्हाई, सून राजश्री बघती. आमच्या वेळंला पोरीला कोण इचारत हुतं? भाऊ जेवून उठला की उरलंसुरलं आमचं. मला तर बघूनच बरं वाटतंय. सिद्धांत गल्लीत क्रिकेट खेळतो, हिला मातर खिडकीत बसवत्यात. उन्हाचं जपत असतील. निजती माझ्यापाशी, पर उजव्या कुशीवरच. मी वळवली तर परत वळती. सवय असती एकेकाची. हिच्या आज्ज्याला उशाला दोन उशा लागायच्या, शेवटी तर धाप लागून बसूनच निजायचे. सकाळी डोळं सुजलेलं, नडगी दाबली की खड्डा ऱ्हायचा. किडनीनंच गेले. जाऊ दे, कुटं ते काढत बसले.

८ मे, शुक्रवार
दीक्षाची दाढ दुखाय लागली. गाल धरून रडती. माझ्या बटव्यात गुडघ्याची गोळी असती, त्यातली अर्धी दिली. राजश्रीनं बघितलं आन् तिच्या तोंडात बोट घालून गोळी भाईर काढली. म्हणली, आत्या, ह्या गोळ्यांनी किडनी खराब होती. मी म्हटलं, अर्धीनं काय हुतंय गं? तर म्हणली, ही पोरगी आमाला कशी जपायची हाय ते तुमाला म्हाईत न्हाय. लवंग लावली. पोरगी कण्हत ऱ्हायली.

९ मे, शनिवार
नागनाथला इचारलं. बापाचं बघून धसका घेतला हुता, म्हणून दोन्ही पोरांचं रक्त भाईरगावी तपासाय धाडलं म्हणं. पुढं कुणाची किडनी जायची ते आधीच कळतं रक्तावरनं. सिद्धांतला धोका लई निगाला, दीक्षाला कमी. डॉक्टर म्हणले हुते, ह्यो नुसता अंदाज हाय, त्याला कदी काय व्हायचं बी न्हाय. पर ह्यांनी तेवढं कुटं ऐकलं. भैनीचा रक्तगट भावाला जुळतो. तिची एक किडनी त्याला लागंल, म्हणून तिला जपायची. ती अठराची झाली की इचारू म्हणतो.
मी म्हटलं, आन् नको म्हणली तर?
उठून गेला. बाप आजारी हुता तवा रोज पाय चेपायचा ह्यो. त्याला काय बोलू.

११ मे, सोमवार
दीक्षाला म्हटलं, बाळा, डाव्या कुशीवर हो, वारं लागंल. म्हणली, नको आजी, तिकडं दादाची हाय, दबंल.
कुणी दुसऱ्यानं ठेवाय दिल्यागत बरगडीवर हात धरून सांगितलं. तुला कुणी सांगितलं म्हटलं, तर कुणी न्हाय. मम्मी-पप्पा बोलत हुते, तवा ऐकलं.


१३ मे, बुधवार
तिला केमला न्हेणार. झाडावर चढंल, पडंल, उठंल. नागनाथ न्हाय म्हणला. राजश्री तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली. मग न सांगताच. उद्या ती शिलाईला आन् ह्यो हापिसला गेला की —
दीक्षाच्या कानात सांगितलं. हासली. आल्यापासनं अशी हासलेली बघितली न्हवती.

१४ मे
दोगं गेली. सिद्धांत आता उठला. डोळं सुजलेलं.
झोपेनं असंल. उन्हात खेळतो, तेनं बी —
त्याच्या आज्ज्याचं असंच —
नडगीवर अंगठा दाबला. खड्डा ऱ्हायला. का माझीच नजर — परत दाबला. त्यो हसतोय, गुदगुल्या हुत्यात म्हणतो. त्याला काय म्हाईत.

दीक्षा चप्पल घालून दाराशी. चल की आजी, गाडी जाईल म्हणती. वरल्या कडीला हात पुरंना, टाचा वर केल्या. मी मागनं गेले. तिच्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं आजी कडी काढाय लागली. मी तर ती घट्ट दाबून धरली —