मधल्या रांगेतली आई

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं मनानं रचतेस, म्हणून हे पत्र. बाबा जाऊन वर्ष झालं, पण त्यांचं कपाट उघडायला माझा हात धजत नव्हता. परवा उघडलं. खालच्या कप्प्यात फोटोंचा डबा निघाला. एका फोटोत तू उलटसुलट बूट घालून उभी आहेस, आणि चेहरा असा, की साऱ्या जगाशी भांडण आहे. तो मी आमच्या चष्म्याच्या दुकानात लावणार आहे. गिऱ्हाइकांची तेवढीच करमणूक.

दुसरा फोटो मात्र कोड्यात टाकणारा आहे. लांबलचक व्हरांडा, लोखंडी खाटांची रांग आणि एका खाटेवर बसलेली आजी. घरातल्या फोटोत तिची डावी पापणी जरा खाली आलेली आहे, तशीच इथेही. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांचीच मापं घेते, त्यामुळे माझी चूक व्हायची नाही. मागे स्टुडिओचा आणि गावाचा शिक्का आहे. हे कुठलं ठिकाण? तुला काय आठवतं?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
चिमणी


११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तो फोटो दुकानात लागला, तर गुडघेदुखी विसरून तुझा कान पिळायला येईन, आधीच सांगते.

तुला सापडलं ते क्षयाचं इस्पितळ. आईला तिथे नेलं तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दादा, म्हणजे तुझे बाबा, आठ वर्षांचे. लहान मुलांना भेटू देत नसत. एके दिवशी आमचे अप्पा एकटेच परत आले आणि आई गेली म्हणाले. तिचा फोटो भिंतीवर लागला. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. आमची आईही तेच झाले. तुझ्या आजोबांसारखा बाप शोधून सापडायचा नाही. मला तर आईचा आवाजही आठवत नाही.

जमलं तर तिथे जाऊन ये. तिनं शेवटचे दिवस काढले ती खोली आपल्यापैकी कुणीतरी पाहायला हवी. प्रवासात पोटाची आबाळ करू नकोस.

तुझी तिखट पण मायाळू,
आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस, मग पुढे वाच.

इस्पितळ अजून आहे. जिन्याच्या भिंतीवर कर्मचाऱ्यांचे दरवर्षीचे ग्रुपफोटो लावलेत, प्रत्येकाखाली वर्ष रंगवलेलं. मी सहज बघत चढत होते. तू टायपिंगच्या क्लासला जायला लागलीस, त्या वर्षीच्या फोटोपाशी माझे पाय जागीच थबकले. मधल्या रांगेत, पांढऱ्या एप्रनमध्ये, आजी उभी होती. तीच पापणी. पुढच्या वर्षीच्या फोटोत पाहिलं, तिथेही होती. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी थोडी थोडी म्हातारी होत ती जिनाभर माझ्यासोबत चढत होती.

मी पायरीवरच बसले. आत्या, ती गेली नव्हती गं. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, की फोटोतल्या या बाई इथल्या कापडखोलीच्या, म्हणजे चादरी-कपडे ठेवतात त्या खोलीच्या, प्रमुख होत्या. एवढं बोलून त्यांनी खिडकीतून मागच्या बैठ्या घरांकडे बोट दाखवलं. ती अजूनही तिथेच राहते.

तुला विचारल्याशिवाय ते दार वाजवायचं मला धाडस होत नाही. उत्तराची वाट पाहते.

हादरलेली,
चिमणी


९ मार्च

चिमणी,

तुला भास झाला असणार. एकासारखी एक माणसं असतात. अप्पा आमच्याशी कधी खोटं बोलले नाहीत. साधं डॉक्टरकडे नेतानासुद्धा सुई टोचणार आहेत हे ते आधी सांगायचे.

आणि ती आईच असेल, तर जिवंतपणी पोटच्या पोरांकडे फिरकली का नाही, एवढंच तिला विचार. मला दुसरं काही नको.

आत्या


१७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी गेले. एकच खोली, खिडकीशी इस्त्रीचं टेबल. मी तोंड उघडायच्या आत मला समोरच्या भिंतीवर तू आणि बाबा दिसलात. स्टुडिओतल्या रंगवलेल्या झाडापाशी, एकमेकांचा हात धरून. फ्रेमपुढे ताजी फुलं होती.

ही कोण म्हणून विचारलं, तर म्हणाली, की माझी मुलं, तापानं एकाच आठवड्यात गेली. आजोबांनी स्वतः येऊन तिला हे सांगितलं होतं. वर असंही, की आजार तुझ्यामुळेच घरात आला, तेव्हा आता परत येऊ नकोस. पुढे ती बरी झाली. पण जाणार कुणाकडे? तिथल्याच चादरींच्या घड्या घालत राहिली.

मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला हाकलून दिलं. म्हातारीची चेष्टा करताना लाज वाटत नाही का, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी बाबांचे सगळे फोटो घेऊन गेले. शाळेतला, लग्नातला, मला खांद्यावर घेतलेला. तिनं ते पलंगावर ओळीनं मांडले, एकेकावरून बोट फिरवलं आणि हा आता कुठे असतो म्हणून विचारलं. मला सांगावं लागलं, आत्या. परत मिळालेला मुलगा तासाभरात पुन्हा गेला.

मग म्हणाली, की मुलगी तर आहे ना, मग ती का नाही आली?

तू ये. मी स्टेशनवर येते.

चिमणी


२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तू कामावर परत गेलीस, मी अजून इथेच आहे. कधी निघेन, विचारू नकोस.

तुझ्यादेखत मला हे बोलता आलं नाही. अप्पांनी असं का केलं, ते सांगायला अप्पा नाहीत. आजाराला घाबरले असतील. तेव्हा लोक फार घाबरत. पण ज्याच्या हातांनी आम्हाला घास भरवले, त्याच माणसाच्या जिभेनं तिला असं सांगावं? मी त्यांच्यावर रागावायला जाते आणि मला त्यांचीच आठवण येते. ही कसली शिक्षा गं?

आईनं त्यांना शिव्या घातल्या असत्या, तर मीही दोन घातल्या असत्या. पण तिनं एवढंच विचारलं, की तुझी वेणी कोण घालायचं. मी म्हटलं, अप्पाच. नीट यायची का त्यांना, तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की शाळेत पोचेपर्यंत सुटायची.

तशी ती उठली, कंगवा घेतला आणि मला पाठमोरी बसायला सांगितलं. माझे केस ते किती, तेही पांढरे. उंदराच्या शेपटीएवढी वेणी झाली. चार दिवस झाले, मी ती सोडलेली नाही.

आम्हा दोघींचे आशीर्वाद,
आत्या