भागवतची थाळी

मित्रा भागवत,

खामगावच्या बोर्डिंगात ओसरीवर कविता संपली, की साठ पोरांची पावलं पंगतीकडे धावायची. तो आवाज अजून कानात आहे. कवितेआधी घास घ्यायचा नाही, हा नियम. एके दिवशी कविता चालू असतानाच मी आत शिरलो आणि समोरच्या थाळीतली भाकर खाल्ली. सरांनी थाळीवर कोरलेलं नाव वाचलं, तुझं. तुला पंगतीतून उठवलं. मी गप्प राहिलो. तू बोर्डिंगच सोडलंस, शाळाही सुटली. मागे राहिलेली तुझी थाळी मी जपून...

सूनबाई सांगतेय, "बाबा, उंद्रीचे भागवत आले हो! म्हनतात, 'किसन्याले सांग, माही भाकर कोनं खाल्ली मले तवाच मालूम होतं. थाळी असंन तं वाढ बे, भूक लागली.'"

उठतो.

किसन